कोणतं काळीज

काळजं दोन असतात, हे रामभाऊंनी शनिवारी दुपारी सगळ्या घराला ओटीवर बसवून नीट समजावून सांगितलं. एक खाटकाकडं मिळतं ते आणि एक गाण्यात तुटतं ते. दोन्हींना शब्द मात्र एकच. तेव्हा उद्या साजगावचे पाहुणे आले की सांगायचं, कमळाकरचं काळजाचं ऑपरेशन झालं. यात खोटं एक अक्षर नाही. ऐकणाऱ्यानं ते खाटकाकडचं समजून घेतलं, तर त्याला आपण काय करणार?

"आनि त्यांनी खोदून इचारलं तर?" गंगाबाईंनी विचारलं. कमळाकर त्यांचा एकुलता एक, आणि गेल्या तीन महिन्यांत त्या निम्म्यानं वाळल्या होत्या.

"वयनी, खोदून कोन इचारतंय? लोक खुशाली इचारतात, च्या पितात नि यष्टी गाठतात."

रामभाऊंच्या जिभेवर घराचा विश्वास होता. थोरले बंधू, कमळाकरचे वडील सदूभाऊ, बारा वर्षांपूर्वी बांधावर बसल्या बसल्या गेले, तेव्हापासून हे घर रामभाऊंनी चालवलं ते निम्मं नांगरावर आणि निम्मं बोलण्यावर. विजेचा खांब गावात सगळ्यांच्या आधी यांच्या दाराशी आला, तोही साहेबाला गप्पांत गुंगवून, असं लोक म्हणत. रामभाऊंनी ते कधी नाकारलं नाही.

पण हे काम खांबाएवढं सोपं नव्हतं. वैशाखात कमळाकरचा साखरपुडा झाला होता. मुलगी साजगावच्या आबाजींची हिरू. लग्न मार्गशीर्षात धरलेलं. आणि भाद्रपदात कमळाकर मोहोपाड्याला कंपनीत पाळीवर असताना चक्कर येऊन पडला. कर्जतच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली, कपाळाला आठ्या घातल्या आणि मुंबईची चिठ्ठी दिली. मुंबईला मशीनवर दिसलं, की हृदयाच्या भिंतीत चिकूएवढी पाण्याची गाठ आहे. आश्विनात छाती उघडून ती काढली. साजगावला कळवलं, 'पोटाचं दुखणं आहे, लग्न थोडं पुढं ढकलू.' त्यावर दोन महिने काही उत्तर नाही. आणि परवा आबाजींचा निरोप आला, 'रविवारी येतो.' नुसतं 'येतो'. गंगाबाईंना त्या एका शब्दानं रात्रभर झोप लागली नव्हती.

"मी खोटं बोलनार नाय," धोंडूबाई म्हणाल्या. त्या रामभाऊंच्या पत्नी, पण मतदानाला नेहमी विरोधी बाकावर. "खरंबी बोलनार नाय. मी माजं वालाचं बिरडं शिजवीन. पावनं जेवून गेलं तर सोयरीक ऱ्हायली, पानीबी न पिता उठलं तर तुटली. त्याला तुमच्या दोन काळजांची गरज नाय."

"काकी, बिरड्यात खोबरं जास्ती घाल," कमळाकर आतून म्हणाला.

मरणाच्या दारातून परत आल्यापासून हा मुलगा घरात सगळ्यांत खुशीत होता. जे समोर येईल ते खायचा, ज्यात त्यात हसायचा. त्याला सरळ खरं सांगून टाकायचं होतं. पण गंगाबाईंनी त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली, आणि आईच्या डोक्यावरून हात काढून घेण्याइतका तो अजून धीट झाला नव्हता.

रामभाऊंना हे लग्न व्हायलाच हवं होतं. घरात सगळ्यांना वाटे, काका पुतण्यासाठी जीव टाकतो. टाकत होतेच. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

ऑपरेशनच्या आधी मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवून एका कागदाच्या पाठीवर पेन्सिलनं तीन चित्रं काढून दाखवली होती. एक मेंढी, एक कुत्रा, एक मुलगा. चित्रं काही बरी नव्हती, कुत्रा आणि मेंढी ओळखायला डॉक्टरांनाच सांगावं लागलं.

"मेंढीच्या यकृतात असे पाण्याचे फोड असतात," डॉक्टर म्हणाले. "ते कुत्र्यानं खाल्ले, की त्याच्या पोटात बारीक जंत होतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात. लहान मुलं कुत्र्याशी खेळतात, हात तोंडात घालतात. मग ते अंडं शरीरात कुठंतरी जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं सावकाश फुगत राहतं. बहुतेकांना यकृतात होतं, काहींना फुफ्फुसात. हृदयात फार क्वचित. तुमच्या पुतण्याच्या नशिबी ते आलं."

"यकृत म्हंजी?"

"काळीज हो. मटणातलं."

दोन काळजांचा शोध रामभाऊंना लागला तो तिथं.

"तुमच्याकडे मेंढ्या आहेत?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"नाय," रामभाऊ म्हणाले. तेही अक्षरशः खरं होतं. मेंढ्या त्यांच्या नव्हत्याच.

*

पाहुणे अकराच्या यष्टीनं आले. आबाजी साजगावच्या एका कारखान्यात फिटर होते. उंच, मोजकं बोलणारे. बरोबर त्यांची आई, ठकूबाई. म्हातारी सत्तरीच्या पुढची, एका कानानं बहिरी. पण उरलेला एक कान चार माणसांचं काम करतो, अशी तिची ख्याती होती. मुलीची आजी स्वतः आली हे पाहून गंगाबाई उंबऱ्याशीच थबकल्या. सोयरीक मोडायची तर म्हातारं माणूस पुढं करतात, हे त्यांना ठाऊक होतं.

पाय धुवायला पाणी दिलं, ते घेतलं. प्यायला तांब्या ठेवला, तो तसाच राहिला. धोंडूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहिलं आणि नवऱ्याकडं एक नजर टाकली.

कमळाकर येऊन पाया पडला. पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटण लावलेलं. पौषातसुद्धा त्याला घाम आला होता.

"बरा हायस का रं?" ठकूबाईनं विचारलं.

"एकदम बरा हाय आजी."

"वाळला नाय तू. आमी आयकलं, लय मोठं दुखनं काढलंस."

रामभाऊंनी घसा साफ केला. "मोठं म्हंजी काय, आजी. काळजाचं ऑपरेशन झालं. गाठ होती, काढली. आता काय नाय. डाक्टरनी लिवून दिलंय, महिन्याभरात कामावर जाऊ शकतो."

"काळजाचं?" आबाजी म्हणाले.

"काळजाचं," रामभाऊंनी ठामपणे सांगितलं आणि पुढच्या विषयाला हात घातला. "यंदा तुमच्याकडं थंडी कशी..."

"पन तुमी तर पोटाचं कळवलं होतं."

"मंग काळीज पोटातच असतं की," रामभाऊ हसून म्हणाले. डाव साधला होता. आबाजींच्या कपाळावरची आठी हलली, त्यांनी मान डोलावली. खाटकाकडचं काळीज बरोबर जागी जाऊन बसलं होतं. गंगाबाईंनी पदराआड श्वास सोडला.

पण आठी जी हलली ती गेली नाही, जरा खाली सरकून भुवयांत बसली. आबाजींनी आईकडं पाहिलं. म्हातारी कमळाकरकडं बघत होती.

"आमच्या खात्यात दोघं गेलं," आबाजी सावकाश म्हणाले. "एक चाळिशीचा, एक तर तिशीतला. दोघांचं काळीजच खराब झालतं. डोळं पिवळं, पोट फुगलेलं." ते थांबले. "किती वर्सं घेतो हा?"

"काय घेतो?" रामभाऊंना कळेना.

"पावनं, मी कारखान्यात चोवीस वर्सं काढली. काळीज कशानं जातं ते मला सांगू नका. हातभट्टीची का इंग्लिश?"

मग स्वयंपाकघरातून एक आवाज आला. धोंडूबाई हसू दाबत होत्या की ठसका लागला होता, ते कळायला मार्ग नव्हता. कमळाकर मात्र उघड हसला, आणि गंगाबाईंनी त्याच्या मांडीला चिमटा काढला.

ज्या पोरानं सणालासुद्धा कधी थेंब तोंडाला लावला नाही, ज्याला मित्र 'माळकरी' म्हणून चिडवत, त्याला रामभाऊंच्या एका शब्दानं दारुडा करून टाकलं होतं. जीभ इतकी वर्षं चालली, आणि नेमकी आज तिनं धन्यालाच चावा घेतला.

"नाय, नाय पावनं," रामभाऊ घाईघाईनं म्हणाले, "ते काळीज नाय."

"मंग कोन्तं?"

"दुसरं."

"दुसरं म्हंजी?" ठकूबाईनं चांगला कान पुढं केला.

रामभाऊंनी छातीवर हात ठेवला. कमळाकरनं आईकडं पाहिलं. गंगाबाईंनी डोळे मिटून मान डोलावली, म्हणजे शपथ सुटली. त्यानं सदऱ्याची वरची तीन बटणं काढली. गळ्याच्या खळग्यापासून खाली छातीच्या मधोमध लालसर, जाड, सरळ व्रण गेला होता.

"हार्ट," आबाजी हळूच म्हणाले.

आता त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. त्यांना कमळाकरची कीव आली होती. ज्याची कीव येते त्याला कोणी मुलगी देत नाही.

"सदूभाऊ पन असंच गेलं ना?" आबाजींनी विचारलं. "बांधावर बसल्या बसल्या. मी आलो होतो तेव्हा." ते उठून उभे राहिले. "तुमच्यावर माजा राग नाय, वयनी. पन बाप त्यानंच गेला, पोराला तेच निघालं. म्हंजी रक्तातच हाय. उद्या हिरूच्या पोरांना निघंल. मी बाप हाय, मला इचार करावा लागतो."

ठकूबाईसुद्धा काठीसाठी हात लांब करू लागली. पाण्याचा तांब्या भरलेला तसाच होता.

रामभाऊंना त्या क्षणी दोनच वाटा दिसल्या. गप्प बसलं, तर सोयरीक जाते, आणि नुसती ही नाही. 'रक्तात आहे' हा शब्द एकदा साजगावात गेला की कर्जतपासून खोपोलीपर्यंत कमळाकरला कोणी मुलगी देणार नाही. आणि बोलायचं, तर जे तीन महिने छातीवर धोंड्यासारखं घेऊन हिंडलो, ते या पोराच्या आईसमोर काढून ठेवायचं. वहिनी पुन्हा आपलं तोंड बघेल का, हे त्यांना माहीत नव्हतं.

"बसा, पावनं," ते म्हणाले. "रक्तात काय नाय. त्याच्यात ते मी घातलं."

"काय घातलं?"

"ती गाठ."

मग त्यांनी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते न सजवता बोलले, म्हणून अडखळत बोलले. भात कापून झालं की देशावरचे धनगर मेंढरं घेऊन उतरतात, आणि खतासाठी मोकळ्या शेतात त्यांची मेंढरं बसवायची, हा रिवाज साजगावातही होताच, त्यामुळं ते समजवावं लागलं नाही. जाताना धनगर एक मेंढा द्यायचा. तो कापून आळीत वाटे घालायचे. आणि वाटे घालायला रामभाऊ. त्यांच्या वाट्याला कधी कोणी नावं ठेवली नाहीत, इतका हात सरळ.

"कवा कवा काळजात फोड निघायचे, पानी भरलेले. पांढरे. तेवढं कापून बाजूला टाकायचं. माणसानं खायचं नाय, हे आमाला म्हाईत होतं. मंग वाया कशाला घालवा? काळू कुत्रा बसलेला असायचा समोर जीभ काढून. त्याला टाकायचो." रामभाऊंनी जमिनीकडं पाहिलं. "आनि हा सात-आठ वर्सांचा. काळूच्या गळ्यात गळा घालून निजायचा. डाक्टरनी मला चित्र काढून दाखवलं, पावनं. मेंढी, कुत्रा, पोर. चौथं चित्र माजं होतं, ते त्यांनी काढलं नाय एवढंच."

रामभाऊंनी वहिनीकडं बघायचं धाडस केलं नाही.

"म्हनून यंदा धनगराला नाय म्हनालात," गंगाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुमाला खताच्या गोनीचा सोस लागला."

"वयनी, मी..."

"थांबा भावजी. मेंढा कापला की कोठा, काळीज धुवून तुमच्या हातात कोन देत होतं? मीच ना? फोड पयले मला दिसायचे. मीच म्हनायची, हे काळूला टाका. तुमी इसरलात, मी नाय इसरली."

"अन् त्या काळूला घरात कोनी घेतलं?" धोंडूबाई आता चौकट सोडून बाहेर आल्या होत्या, हातात पळी तशीच. "धनगर त्याला घेऊन जात होता. मी म्हनाली, ऱ्हाऊ दे, पोराला खेळायला होईल. आनि ह्याला हात धुवायला लावायचं काम माजं होतं. मी एक दिस लावलं असंल तर शप्पत."

"काकी, तुला कशाला," कमळाकर म्हणाला. "काळूच्या तोंडाला तोंड मी लावत होतो. एकाच ताटात भाकर खाल्लीय आमी दोघांनी. तुमी कोनी बगत नसताना."

रामभाऊंनी आयुष्यभर वाटे घातले होते. आपला वाटा कमी आला म्हणून भांडणारी माणसं त्यांनी पाहिली होती. दोषाचा वाटा आपल्यालाच जास्त हवा म्हणून भांडणारं घर त्यांनी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते त्यांचं स्वतःचं निघालं.

"तुला म्हाईत होतं?" त्यांनी कमळाकरला विचारलं.

"काका, डाक्टरनी मलाबी तीच चित्रं काढून दाखवली. कुत्रा बघितला तवाच मी ओळखलं. म्हंजी डाक्टरनी सांगितल्यावर, की हा कुत्रा हाय म्हनून."

"मंग बोलला का नाय?"

"तुमी बोलत नव्हता. मंग मी कसा बोलू?"

आबाजी अजून उभेच होते. पण आता निघालेल्या माणसासारखे नव्हते. फिटर माणूस, यंत्र का बिघडलं ते कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, आणि कळलं की निम्मी काळजी जाते. "म्हंजी हे लागट नाय?"

"माणसापासून माणसाला नाय," कमळाकर म्हणाला. "पोराबाळांत उतरत नाय. गाठ अख्खी काढली, मिठाचं पानी घालून जागा धुतली. अजून गोळ्या हायत. वरसभर मधनं मधनं दाखवायला जायचं. डाक्टर म्हनाले, पुन्हा कुठं निघाली तर लवकर कळंल, पन बहुतेक नाय निघनार. बहुतेक म्हनाले, मी पन तुमाला बहुतेकच सांगतो. मेंढरांवर राग नको म्हनाले. फोडाचं जे असंल ते खोल खड्ड्यात पुरा, कुत्र्याला टाकू नका."

"आपन कुठं टाकतो?" आबाजींनी आईला विचारलं.

"कुत्र्यालाच," ठकूबाई म्हणाली. "सगळा गाव कुत्र्यालाच टाकतो." आणि ती एकाएकी हसायला लागली. दात नव्हते, त्यामुळं ते हसू आवाज न होता नुसतंच हललं. "आबा, खाली बस. घरी जाऊन पयला खड्डा खन. दुसऱ्यांच्या रक्ताचं मागनं बगू."

आबाजी बसले.

"आता माजं आयका," ठकूबाई म्हणाली. "निघताना हिरूनं मला परड्यात गाठलं. म्हनाली, आजी, दुखनं असंल तर असू दे, पन मला खोटं सांगून नेऊ नका. मघाशी ते काळीज, हे काळीज चाललं होतं, तवा मी मनात म्हनत होती, हितं पोरगी द्यायची नाय. दारू नसली तरी द्यायची नाय." तिनं काठी रामभाऊंकडं रोखली. "मंग ह्यो माणूस रडकुंडीला येऊन खरं बोलला. लय वाईट बोलतो खरं. सवय नाय त्याला."

"नायच मुळी," धोंडूबाई म्हणाल्या.

"रं पोरा, हिकडं ये."

कमळाकर म्हातारीपुढं जाऊन बसला. तिनं पदर सावरला, पुढं वाकली आणि आपला चांगला कान त्याच्या उघड्या छातीवर, व्रणाच्या डाव्या अंगाला ठेवला. चुलीवरचं बिरडं रटरटत होतं तेवढंच. तिनं पुष्कळ वेळ ऐकलं, भाव ठरवायच्या आधी बाई तांदूळ हातावर घेऊन बघते तेवढा वेळ. मग कान काढला आणि दुसऱ्या, बहिऱ्या कानाची बाजू लावून पाहिली.

"ह्या कानालाबी येतंय," ती म्हणाली. "बारा वर्सांत ह्या कानाला काय ऐकू आलं नव्हतं."

ते खरं होतं की म्हातारीनं थाप मारली, हे पुढं दोन्ही घरांत कित्येक वर्षं वादाचं राहिलं. पण त्या घडीला कोणी वाद घातला नाही. आबाजींनी पुढं वाकून पाण्याचा तांब्या उचलला, वरून धार धरून निम्मा रिकामा केला आणि बाहीनं तोंड पुसलं.

"फागुन की वैशाख?" त्यांनी विचारलं.

गंगाबाईंचे तीन महिने कोरडे राखलेले डोळे एकदम वाहायला लागले आणि त्या हसतही होत्या, त्यामुळं नेमकं काय चाललंय ते त्यांनाच कळेना. धोंडूबाईंनी पळी त्यांच्या हातात दिली आणि स्वतः उत्तर दिलं. "फागुन. वैशाखापर्यंत ह्यांच्या तोंडाला कुलूप कोन घालनार?"

सगळे हसले. रामभाऊ तेवढे हसले नाहीत. ते जोत्याच्या कडेला, खांबाला टेकून बसले होते आणि त्यांना आपल्या हातांचं काय करावं ते समजत नव्हतं. पोर मुंबईहून घरी आल्यापासून त्यांनी त्याला एकदाही जवळ घेतलं नव्हतं. बाकी सगळं केलं होतं. औषधं आणली, दुधाचा रतीब लावला, पण त्या छातीजवळ जायची त्यांना भीती वाटत होती.

"काका," कमळाकर म्हणाला, "तुमीबी आयका."

"मला कशाला."

"या की."

रामभाऊ उठले नाहीत. तेव्हा कमळाकरच उठून आला, त्यांच्यासमोर मांडी घालून बसला आणि काकांच्या टोपीखालून मानेला धरून त्यांचं डोकं आपल्या छातीवर दाबलं. टोपी पडली. आधी रामभाऊंना आपलाच श्वास ऐकू आला. मग त्यामागून दुसरं काहीतरी, ठाम, न थांबणारं, त्यांच्या कानाखाली ठोकत राहिलं. ते डोकं काढीनात.

"चालतंय का?" ठकूबाईनं मोठ्यानं विचारलं.

हजार विषयांवर हजार शब्द असलेला माणूस, त्याला एक 'हो' सापडेना.

"त्यांला इचारू नका आजी," कमळाकर म्हणाला. "माजा सदरा भिजला."